हरणी कुणाच्या मागनं पळाली

सन एकोणीसशे सत्त्याण्णव. तेव्हा माझं वय आईच्या हिशेबानं अठ्ठावन्न, रेशनकार्डाच्या हिशेबानं एकसष्ट. मी आईचं धरतो. जन्माच्या वेळी ती तिथं हजर होती, रेशनवाला नव्हता.

हे सगळं आता बारा वर्षांनी उकरायला कारण झाला तो फ्रीज. गेल्या आठवड्यात दुकानातला मोठा फ्रीज बंद पडला. दुरुस्तीवाला आला आणि म्हणाला, पुढं ओढायला पाहिजे. आम्ही दोघांनी ओढला. मागं भिंतीत, जळमटात, एक लोखंडी कडी निघाली. बाहेरनं गंजून लाल झालेली, पण आतनं, जिथं साखळी घासायची तिथं, अजून गुळगुळीत. दुरुस्तीवाला म्हणाला, "आजोबा, ही कापून टाकू का? वायरीला लागंल."

मी म्हणालो, "वायर काप."

तो हसला. मी हसलो नाही. कडीत बोट घालून उभा राहिलो. फ्रीजच्या मागं गरम धुळीचा वास असतो, ते खरं आहे. पण मला आला तो भिजवलेल्या सरकी पेंडीचा वास. आंबूस, गोडसर, नाकात जाऊन बसणारा. बारा वर्षं फ्रीजच्या पाठीमागं दडून बसलेला वास असा एकदम बाहेर आला, जसा कुणी हाक मारायचीच वाट बघत होता.

आता दुकान आहे तिथं आमचा गोठा होता. कोल्हापुरात, शिवाजी पेठेतला, रस्त्याकडं तोंड केलेला. वडिलांच्या वेळी त्यात चार म्हशी असायच्या. चारी जणी एकदम रवंथ करायला लागल्या की जात्यावर दळण चालल्यासारखा आवाज यायचा आणि त्या आवाजात मला लहानपणी झोप लागायची. शाळेत मात्र असा आवाज नव्हता, म्हणून तिथं माझं मन रमलं नाही. दुसरीत गुरुजी म्हणाले, उद्या येऊ नकोस. मी त्यांचा शब्द राखला.

चाराच्या तीन झाल्या, तिनाच्या दोन, आणि सत्त्याण्णव साली गोठ्यात एकटी हरणी होती. हे नाव ठेवणाऱ्यानं जन्मात कधी हरीण बघितलं नसावं. हरणी म्हणजे काळा दगड. रस्त्यात बसली की बसली. पेठेत नवीन मंगल कार्यालय झालं, त्याच्या उद्घाटनाला पाव्हणे आले, तर ही दारात बसलेली. फीत हिच्या शिंगावरनं कापावी लागली. चालायची तीसुद्धा अशी, की रस्ता तिच्या वडिलांनी बांधलाय.

पण दूध. दूध काय द्यायची ती.

कोपऱ्यावर दगडी कट्टा होता. सकाळी उजाडायला मी हरणीला तिथं आणून उभी करायचो. गिऱ्हाइकं आपापली भांडी घेऊन उभी असायची. आमच्या धंद्याचा एक नियम होता: पिळायच्या आधी चरवी सगळ्यांपुढं उपडी करून दाखवायची. आत पाणी नाही, हे बघून घ्या. मग गुडघ्यात चरवी धरायची आणि बसायचं. पहिली धार रिकाम्या पितळेत पडली की टिण् असा आवाज उठायचा, देवळातल्या लहान घंटेसारखा. दूध वर चढेल तसा तो आवाज जाड व्हायचा, आणि शेवटी फेसात धार शिरायला लागली की नुसती घुसघुस. त्या आवाजावरनं मी डोळे मिटून सांगायचो, चरवी कुठवर आली. थंडीत दुधातनं वाफ निघायची. तालमीतली पोरं अंगाची माती तशीच घेऊन यायची, तांब्या तोंडाला लावायची आणि मिशी पांढरी करून निघून जायची. ज्याला मिशी नव्हती त्यालाही तेवढ्यापुरती यायची.

देशपांडे काकू या माझ्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. शाळेत शिकवायच्या, मग निवृत्त झाल्या. मी चरवी उपडी केली की इतर लोक मान डोलवायचे. काकू खाली वाकून आत बघायच्या. रोज.

"काकू, इतकी वर्सं झाली. कवा पाणी सापडलं का?"

"नाही ना सापडलं. म्हणून तर अजून येते."

बाईंना पटवायचं म्हणजे दुसरीतल्या माझ्या गुरुजींना पटवण्यासारखं होतं.

दिवस असे यायचे आणि जायचे. गुऱ्हाळं सुरू झाली की नदीकडनं वारा यायचा आणि सगळ्या पेठेला काकवीचा वास लागायचा. त्या दिवसांत उसाचं वाडं, शेंड्याचा हिरवा पाला, स्वस्त. सायकलीला मागं, पुढं, दांडीला, सगळीकडं हिरव्या पेंढ्या बांधून मी यायचो. लांबनं सायकल दिसायची नाही, मीही दिसायचो नाही. नुसती हिरवी रास घंटी वाजवत चाललीय, असं दिसायचं. उन्हाळ्यात हरणीला रंकाळ्यावर न्यायचो. पाण्यात शिरली की तिचं नाक आणि शिंगं तेवढी वर. काठावर मी बसायचो. ती बाहेर यायचं नाव घ्यायची नाही आणि मी तिला बोलवायचं नाव घ्यायचो नाही. दोघांनाही घरी काही घाई नव्हती.

मग पिशवी आली.

पिशवीतलं दूध तसं आधीपासनं होतं, पण ते शाहूपुरीत, हापिसं होती तिकडं. पेठेत कुणी घेत नव्हतं. पेठेत ते आणलं माझ्या सख्ख्या पुतण्यानं. दिनकर, थोरल्या भावाचा पोरगा. कापड दुकानात कामाला होता, ते दुकान बसलं. मग त्यानं एजन्सी घेतली आणि एक जुनी फटफटी. मागं निळे प्लॅस्टिकचे क्रेट बांधायचा. फटफटीचा सायलेन्सर फुटलेला, त्यामुळं दूध येतंय हे पेठेला चार गल्ल्या आधीच कळायचं.

पोरगा वाईट नव्हता. हीच अडचण होती. वाईट असता तर बरं झालं असतं. समोर दिसला की गाडी थांबवून पाया पडायचा.

"तात्या, राग न्हाई न्हवं?"

"माझा कशाला राग असंल? तू दूध कुठं इकतोस. पिशव्या इकतोस."

एकेक गिऱ्हाईक गेलं. कुणाला सकाळी कट्ट्यावर यायला वेळ नाही, कुणाच्या सुनेला म्हशीचा वास चालत नाही. तालमीतल्या पोरांनी डब्यातली पावडर धरली. शेवटी एक दिवस काकूंच्या हातात पिशवी दिसली. मी आडवा गेलो.

"काकू, आता ही पिशवी उपडी करून दाखवा की. आत काय हाय ते कळू दे."

काकूंनी पिशवी उन्हाकडं धरली. "हे बघा. आरपार दिसतं."

"आरपार दिसतंय म्हंजे काय हाय ते कळलं न्हवं."

काकू ओशाळल्या, पण पिशवी काही परत गेली नाही. त्यांचे गुडघे दुखत होते. दिनकर दारात आणून द्यायचा. म्हैस दारात जात नाही. जिना तर चढतच नाही.

आमच्या मंडळी, सुमन, तिनं हे सगळं माझ्या आधी ओळखलं. ती म्हणाली, "अवो, दिनकर म्हंतोय, कंपनी फ्रीज देतीया. आपली जागा रस्त्याला हाय. दुकान टाकू. मी बसते."

"आन् हरणी?"

"माझा भाऊ न्यायला तयार हाय वडणग्याला. त्याचा मळा हाय. हिरवं खाईल."

"तुझ्या भावाचा मळा म्हंजे बांधावर दोन शेवगं."

दिनकर मधे पडला. "तात्या, म्हस सोडा म्हणत न्हाई मी. फकस्त जागा द्या."

"मग म्हस कुठं ठिवू? माडीवर?"

महिनाभर असं चाललं. घरात पेंडीचं पोतं आलं की तांदळाचं येत नव्हतं, तांदळाचं आलं की हरणी रिकामी पाटी चाटायची. सुमननं भांडायचं सोडून दिलं आणि गप बसायला लागली. तिचं गप बसणं मला सोसत नाही. दिवाळी तोंडावर आली होती. मी एकदम बोलून गेलो, "पाडव्याला हरणी पळवतो. सगळी पेठ बघंल. माझ्या मागनं ती पळाली की गिऱ्हाईक आपसूक परत येतंय बघ."

"आन् न्हाय पळाली तर?"

"तर फ्रीज ठेव गोठ्यात. माझा शब्द."

सुमननं हातातलं सूप खाली ठेवलं. "शब्द दिला न्हवं?"

"दिला."

आता बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. म्हशीला सजवायचं, मालकानं फटफटीवर बसायचं, सायलेन्सर काढून टाकायचा आणि गाडी पळवायची. म्हैस आपल्या गाडीचा आवाज ओळखते. शंभर गाड्या फडफडू देत, ती आपल्याच गाडीमागं कान पाडून धावते. दोरी नाही, काठी नाही. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. माणसाची स्वतःची पोरं त्याच्यामागं अशी पळत नाहीत.

माझ्याकडं फटफटी नव्हती. सायकल होती. आणि हरणी माझ्या घंटीला ओळखायची, यात शंका नाही. मी घंटी वाजवली की ती मान वळवायची. कधीकधी उठायचीसुद्धा. सकाळी रंकाळ्याच्या रस्त्याला मी तिला सराव द्यायचो. मी पुढं सायकलीवर, ती मागं.

सुमन एकदा बघायला आली. बघून म्हणाली, "ती चालतीया. पळताय ते तुमी."

आणखी एक गोष्ट इथं सांगून ठेवतो. घरात घड्याळ होतं, पण ते सुमनच्या माहेरचं, त्यामुळं मी त्याच्यावर विश्वास ठेवत नसे. हरणीच्या पेंडीची वेळ मी दिनकरच्या फटफटीवर लावली होती. पिशवीचं दूध कसंही असो, पोरगा वेळेचा पक्का. सकाळी आणि संध्याकाळी त्याची फडफड कोपऱ्यावर आली की मी पेंडीची पाटी उचलायचो आणि हरणीपुढं ठेवायचो. वर्षभर असंच चाललेलं. फडफड ऐकू आली की हरणी ताडकन उठायची, कान ताठ, नाक फेंदारलेलं, साखळी ओढून कडीला हिसके द्यायची.

मी सुमनला दाखवायचो. "बघ. पिशवीवाल्याचा तिला किती राग येतोय बघ. मुक्या जनावराला कळतंय."

सुमन म्हणायची, "व्हय, व्हय."

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी हरणीला पंचगंगेवर नेऊन घासली. अंगावरचे केस भादरले, पाठीवर तेवढे राखून त्यात मोर काढला. सुमनला तो कोंबडा वाटला. शिंगं तासली, तेल चोळलं, लाल रंग दिला, टोकांना वडिलांच्या वेळच्या पितळी शेंब्या घातल्या. गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरू, कपाळावर मोरपिसांचा तुरा. खोबरेल तेलानं अंग असं चमकत होतं, की मी त्यात तोंड बघून मिशी नीट केली. उटण्याचा वास घरात होता की गोठ्यात, ते कळत नव्हतं, कारण सुमननं तिलाही उटणं लावलं होतं. फ्रीज मागणारी बाई म्हशीला उटणं लावत होती.

पाडव्याच्या दिवशी तालमीपासनं चौकापर्यंत रस्ता मोकळा ठेवला होता. दोन्ही बाजूंनी माणसं, माड्यांवर बायका, हलगी कडाडतेय, भोंग्यावर एक जण बोलतोय. एकेक गाडी सुटत होती. निळा धूर, फडफड, आणि मागं काळी म्हैस, तोंडाला फेस, घुंगरांचा पाऊस. रस्ता हादरत होता. मग भोंग्यावरनं माझं नाव आलं, आणि माणसानं विचारलं, "तात्या, गाडी कुठं हाय?"

मी सायकल पुढं घेतली.

हसण्याची एक लाट तालमीकडनं निघाली आणि चौकापर्यंत गेली.

"तात्या, हवा भरून आणू का? चाकात न्हवं, म्हशीत."

"तात्या, दम्मानं. सिग्नल लागंल."

मी पागोटं घट्ट केलं, घंटी वाजवली आणि पॅडल मारलं. हरणी मागं आली. चालत आली. पण काय चालत आली. मान वर, शेंब्या उन्हात लखलखतायत, रस्ता वडिलांनी बांधल्यासारखी. मी वळून बघितलं, घंटी वाजवली, "हो, हरणे, हो," म्हणालो. तिनं एक पाऊल किंचित लांब टाकलं. माडीवर देशपांडे काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. सुमन तालमीच्या पायरीवर, पदर तोंडात धरलेला. निम्मा रस्ता झाला होता. मला वाटलं, आता पळंल. आता.

आणि मागनं, तालमीकडनं, फडफड आली.

दिनकरचा त्या दिवशी दुसरा फेरा होता. सणामुळं दूध कमी पडलं, बासुंदीवाले खोळंबले. गर्दी बघून तो बाजूला थांबणार होता, पण फुटका सायलेन्सर ऐकून तालमीच्या पोरांना वाटलं, हाही पळवणाऱ्यांतलाच. त्यांनी रस्त्याला आडवी धरलेली दोरी वर केली आणि त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला आत सोडला. तो बिचारा मान खाली घालून, क्रेट सांभाळत, माझ्या कडेनं पुढं निघाला. "तात्या, चुकलो, जातो हां," म्हणाला.

हरणीचे कान ताठ झाले.

वर्षभराची पेंड एकदम तिच्या पायांत आली. ती माझ्या बाजूनं अशी गेली, की वाऱ्यानं माझं पागोटं उडालं आणि सायकल आडवी झाली. मी रस्त्यावर बसून बघत होतो. तो काळा दगड उडत होता. शेपटी वर, तुरा मागं, घुंगरू एकमेकांत मिसळून नुसता एक लांब झणकार. दिनकरनं मागं वळून बघितलं, आणि अंगावर म्हैस येतेय म्हटल्यावर कुठलाही शहाणा माणूस करील तेच केलं. गाडी जोरात सोडली. ती आणखी जोरात. त्यानं वळण घेतलं, तिनं घेतलं. क्रेट उड्या मारत होते, पिशव्या रस्त्यावर पडून फुटत होत्या, आणि पांढऱ्या रस्त्यावरनं काळी हरणी धावत होती. सगळी पेठ उभी राहून ओरडत होती. असं पळणं त्या रस्त्यानं आधी बघितलं नव्हतं, हे मी मालक म्हणून म्हणत नाही.

चौक ओलांडून दिनकर गाडी दारात टाकून थेट आपल्या एजन्सीच्या आत शिरला आणि दार लावून घेतलं. हरणी फटफटीपाशी थांबली आणि क्रेटमधे तोंड घालून पेंड शोधायला लागली. मी पोचलो तेव्हा तिच्या नाकाला पिशवीचं दूध लागलेलं होतं. तिनं ते चाखलं आणि तोंड फिरवलं. दिनकर म्हणतो, अख्खी पिशवी चाटली. तो दाराआड होता, त्याला काय दिसणार.

भोंगा तोवर इकडं पोचला होता. "पयला नंबर, दिनकर एजन्सीवाले यांची म्हस हरणी."

दिनकर दार उघडून ओरडला, "म्हस माझी न्हाई, तात्यांची हाय."

"मग गाडी कुणाची?"

"गाडी माझी."

"म्हस पळाली कुणाच्या मागनं?"

यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले. बक्षिसाचा फेटा घेऊन एक जण दिनकरकडं गेला, त्यानं माझ्याकडं पाठवला. मी म्हणालो, "ज्याच्या मागनं पळाली त्याला बांधा." दिनकर म्हणाला, "तात्यांना बांधा, न्हाईतर मी हितनं हलणार न्हाई." शेवटी मी फेटा घेतला आणि हरणीच्या शिंगांना बांधला. तो तिला चांगला दिसला. नारळ दिनकरला दिला. स्टीलची घागर होती, ती सुमननं कधी उचलली मला कळलं नाही.

मी हरणीला घेऊन परत निघालो. रस्त्याला सांडलेल्या दुधाचा आणि जळक्या पेट्रोलचा वास येत होता. ती परत चालायला लागली होती, पहिल्यासारखी, सावकाश. मी घंटी वाजवली नाही.

दिवेलागणीला सुमननं पाट मांडला. आधी हरणीला ओवाळलं, मग मला. मी ओवाळणी म्हणून तीच घागर ताटात ठेवली. ताट वाकडं झालं, निरांजन घागरीत पडलं. ती हसली. म्हणाली, "पळाली की हो. ऱ्हाऊ दे तिला."

मी म्हणालो, "माझ्या मागनं पळंल म्हणालो हुतो."

"मी इसरले काय म्हणाला ते."

"मी न्हाय इसरलो."

"तांदळाचं बघू काय तरी. मला फ्रीज नको."

"फ्रीज येणार."

"नको म्हंते न्हवं मी."

"शब्द मी दिलाय. तू कोण नको म्हणणार?"

लग्न झाल्यापासनं आमचं भांडण असं उलटं कधी झालं नव्हतं. ती म्हशीच्या बाजूनं रडत होती आणि मी फ्रीजच्या बाजूनं ओरडत होतो. गल्लीतल्या लोकांना वाटलं, आम्ही एकमेकांची वाक्यं चुकून बोलतोय. शेवटी सुमन म्हणाली, "तुमी आन् ती म्हस, दोघं एका दगडाचं," आणि करंज्यांचा डबा माझ्यापुढं आपटून आत गेली. मी दोन करंज्या खाल्ल्या आणि एक हरणीला दिली.

कडीच्या त्या भिंतीला आज बारा वर्षं फ्रीज टेकून आहे. तो दिवसभर घुर्र करतो, मधेच थांबतो, परत घुर्र करतो. दुपारी दुकानात कुणी नसलं की मी उपड्या क्रेटवर बसून डोळे मिटतो. ते रवंथ नव्हे, हे मला कळतं. तरी झोप लागते. तालीम आहे, पण तिच्यासमोर आरशांची व्यायामशाळा झालीय. दगडी कट्टा गेला, तिथं मोबाईल विकतात. काकू गेल्या. दुरुस्तीवाल्यानं वायर दुसरीकडनं फिरवली, फ्रीज परत मागं ढकलला, आणि कडी त्याच्यामागं गेली. सुमननं मला विचारलं, "बोटाला काय लागलंय?" मी म्हणालो, "गंज." तिनं माझं बोट धरलं, वास घेतला आणि सोडून दिलं.

तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्या सकाळी, मी उजाडायला उठलो आणि हरणीला शेवटचं पिळायला बसलो. बाहेर काठी टेकल्याचा आवाज आला. देशपांडे काकू. गुडघे दुखत असताना जिना उतरून, भांडं घेऊन आल्या होत्या. मी चरवी उपडी केली. त्या वाकल्या, आत बघितलं.

"तात्या, उद्यापासून पहिल्यासारखं रोज द्या."

"उद्यापासनं फ्रीज हाय, काकू."

त्यांनी भांडं पुढं सरकवलं. पहिली धार पडली, टिण्. मी चरवी भरेपर्यंत डोळे उघडले नाहीत. सगळं दूध काकूंच्या भांड्यात ओतलं. भांडं लहान होतं, उरलेलं सुमननं घागरीत घेतलं.

मग कडीतनं साखळी सोडली. हरणी दारापर्यंत आली आणि उंबऱ्यात बसली. मी ओढली, सुमननं ढकलली, काकूंनी काठीनं रस्ता दाखवला. दगड हलला नाही. मी घंटी वाजवली. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि रवंथ करायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यावर फडफड आली. हरणी ताडकन उठली.

दिनकर थांबला. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा साखळीकडं. गाडी बंद केली नाही. खाली उतरून सगळे क्रेट आमच्या दारात उतरवून ठेवले आणि म्हणाला, "तात्या, बसा मागं."

मी जन्मात फटफटीवर बसलो नव्हतो, आणि पिशवीवाल्याच्या तर नव्हतोच. सुमननं पेंडीची पाटी माझ्या हातात दिली. मी बसलो, पण उलटा, दिनकरच्या पाठीला पाठ लावून, तोंड हरणीकडं. पाटी मांडीवर. दिनकरनं गाडी हळू सोडली. वडणग्याच्या वाटेला लागलो, गंगावेशीतनं नदीकडं उतरलो. शिंगांवर कालचा फेटा सुटून वाऱ्यावर लोंबत होता. ती दुडक्या चालीनं धावत होती आणि सारखी माझ्याकडं बघत होती. शिवाजी पुलावर एक पाव्हणे सायकलीवरनं उतरून उभे राहिले.

"काय म्हस हाय हो. कुणाची?"

"माझी," मी म्हणालो. "दिसत न्हाय व्हय, कुणाच्या मागनं पळतीया?"